पावती नसलेला माणूस : ‘द ऑक्स-बो इन्सिडेंट’च्या अभ्यास प्रकल्पाच्या नोंदी

४ जानेवारी

चित्रपट ठरला. आमच्या वाचनालयाचा चित्रपट गट दर वर्षी एकच चित्रपट घेऊन त्यावर बारकाईने काम करतो. त्याची टिपणपुस्तिका निघते आणि शेवटी सर्वांसाठी खेळ आणि चर्चा होते. या वर्षीचं सूत्र ‘संशयित’, आणि चित्रपट जुन्या वेस्टर्नपटांमधून, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेतल्या गुराख्यांच्या आणि शेरीफांच्या चित्रपटांमधून, निवडायचा होता. दोन नावं पुढे आली. एक जॉन फोर्डचा १९६० चा ‘सार्जंट रटलेज’ आणि दुसरा विल्यम वेलमनचा १९४३ चा ‘द ऑक्स-बो इन्सिडेंट’. ‘रटलेज’मध्ये घोडदळातल्या कृष्णवर्णीय सार्जंटवर बलात्कार आणि खुनाचा खोटा आळ आहे, आणि वुडी स्ट्रोडचं काम असं आहे की नजर हटत नाही. पण तिथे निदान लष्करी न्यायालय तरी आहे. कुणी विचारतं, कुणी उत्तर देतं, साक्षी होतात. ‘ऑक्स-बो’त संशयिताला न्यायालयाचं तोंडही दिसत नाही. मी त्याच्यासाठी आग्रह धरला आणि पुस्तिकेचं काम माझ्याकडे आलं.

११ जानेवारी

पहिल्या पानासाठी कथासार लिहून काढलं. शेवट झाकून ठेवायचा नाही, असं मी ठरवलं आहे. शेवट माहीत असला की या चित्रपटातला एकेक मिनिट जास्त जड होतो.

नेवाडा, १८८५. गिल कार्टर (हेन्री फोंडा) आणि आर्ट क्रॉफ्ट (हॅरी मॉर्गन) हे दोघे गुराखी ब्रिजर्स वेल्स नावाच्या आडगावात येतात. गुत्त्यात बसलेले असताना एक घोडेस्वार बातमी आणतो की लॅरी किन्केड या रँचवाल्याला गुरंचोरांनी गोळी घालून मारलं. शेरीफ, म्हणजे तिथला मुख्य पोलीस अधिकारी, गावात नाही. त्याचा डेप्युटी अधिकार नसताना लोकांना शपथ देतो आणि पाठलागाला टोळी निघते. तिचं नेतृत्व आपोआप मेजर टेटलीकडे जातं. अंगावर अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या दक्षिणेच्या सैन्याचा जुना गणवेश घालून हिंडणारा हा माणूस. रात्री ऑक्स-बो नावाच्या दरीत शेकोटीशेजारी झोपलेले तिघे सापडतात. डोनाल्ड मार्टिन (डेना अँड्र्यूज) हा तरुण शेतकरी, एक मेक्सिकन (अँथनी क्विन) आणि एक भ्रमिष्ट म्हातारा (फ्रान्सिस फोर्ड, दिग्दर्शक जॉन फोर्डचा थोरला भाऊ). तिघांनाही पहाटे फासावर लटकवलं जातं. परतीच्या वाटेवर शेरीफ भेटतो. किन्केड जिवंत आहे, आणि त्याच्यावर गोळी झाडणारे पकडलेही गेले आहेत.

एवढंच. पंचाहत्तर मिनिटं.

१८ जानेवारी

आजचा दिवस सत्कारणी लागला. गटात एक निवृत्त सरकारी वकील आहेत, आम्ही सगळे त्यांना वकीलकाकाच म्हणतो. त्यांच्यासोबत बसून मार्टिनविरुद्धचा पुरावा एकेक करून कागदावर मांडला. मला हे करायचंच होतं, कारण निरपराध माणसाच्या गोष्टीत नेहमी एक सोय असते: आळ इतका पोकळ असतो की प्रेक्षक पहिल्यापासून योग्य बाजूला बसलेला असतो. इथे ती सोय नाही.

मार्टिनकडे किन्केडची गुरं आहेत. विकत घेतली, असं तो सांगतो, पण खरेदीची पावती नाही. किन्केड पावती मागाहून पाठवणार होता म्हणे. मार्टिन या भागात नवा, त्याला ओळखणारं तिथे कुणी नाही. मेक्सिकनाकडे किन्केडचं पिस्तूल निघतं, आणि ते रस्त्यात पडलेलं सापडलं असं तो म्हणतो. हाच माणूस आधी इंग्रजी येत नसल्याचा आव आणतो, मग पळायला बघतो, पायात गोळी लागते. स्वतःच्या हाताने चाकूने ती गोळी काढतो, तेव्हा त्याच्याबद्दल आदरही वाटतो आणि संशयही वाढतो. क्विनने हे दोन्ही एकाच चेहऱ्यावर ठेवलं आहे.

वकीलकाकांनी कागद वाचला आणि म्हणाले, “हे माझ्यासमोर आलं असतं तर मीही यांना कोठडीत ठेवा म्हणालो असतो. कोठडीत. पुढचं नंतर.” मग त्यांनी माझ्याकडून निसटलेली गोष्ट दाखवली. किन्केडचं प्रेत कुणीही पाहिलेलं नाही. गुन्हेगार कोण, हा पुढचा प्रश्न. आधी खून झाला आहे हेच सिद्ध नाही. ऐकीव बातमी गुत्त्याच्या दारातून आत आली आणि तिथल्या तिथे ती वस्तुस्थिती झाली.

त्याखाली मी दुसरी यादी केली: मार्टिन सांगतो त्यातलं काय काय तपासता आलं असतं? किन्केडच्या रँचवर माणूस पाठवता आला असता. शेरीफही तिकडेच गेलेला होता. यातलं काहीही करायला फार तर एक दिवस लागला असता. संपूर्ण चित्रपट त्या एका दिवसावर उभा आहे. मार्टिन दया मागत नाही, वेळ मागतो, आणि जमावाकडे सगळं आहे, दारू आहे, जेवण आहे, पहाटेपर्यंत थांबण्याइतकी सवड आहे; फक्त खातरजमेसाठी वेळ नाही. पुस्तिकेचा मुख्य लेख याच मुद्द्यावर लिहीन.

२३ जानेवारी

निर्मितीची पार्श्वभूमी थोडक्यात, कारण ती अनेकांना माहीत असते.

मूळ कादंबरी वॉल्टर व्हॅन टिलबर्ग क्लार्कची, १९४० ची, त्याची पहिलीच. क्लार्क लहानाचा मोठा झाला तो नेवाडातल्या रीनोत. वडील नेवाडा विद्यापीठाचे अध्यक्ष होते. म्हणजे त्याने ही माणसं आणि हा मुलूख पुस्तकातून उचललेला नाही. वेलमन पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या बाजूने लढलेला वैमानिक, त्याच्या ‘विंग्ज’ला पहिलंवहिलं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालेलं. या कादंबरीने त्याला इतकं झपाटलं की तो ती घेऊन स्टुडिओंची दारं ठोठावत राहिला. शेवटी ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सच्या डॅरिल झानुकने होकार दिला. असा चित्रपट गल्ला जमवणार नाही हे तेव्हाच दिसत होतं, आणि झालंही तसंच. चित्रीकरण १९४२ चं, प्रदर्शन १९४३ चं. ऑस्करला फक्त एक नामांकन, तेही थेट सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं; पुरस्कार ‘कासाब्लांका’ला गेला. १९९८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला.

एक गोष्ट मात्र पुस्तिकेत ठळक द्यायची. नेवाडा १८६४ पासून अमेरिकेचं राज्य आहे. १८८५ मध्ये तिथे कायदा पोचलाच नव्हता असं नाही. गावात शेरीफ आहे, न्यायाधीश आहे, तो न्यायाधीश लोकांना थांबवायचा दुबळा प्रयत्नही करतो. लोक त्याच्या अंगावरून घोडे हाकत निघतात.

१ फेब्रुवारी

हेन्री फोंडासाठी वेगळं पान हवंच.

२८ सप्टेंबर १९१९. नेब्रास्कातलं ओमाहा शहर. विल ब्राउन नावाच्या कृष्णवर्णीय मजुरावर एका गोऱ्या तरुणीवर हल्ला केल्याचा आळ होता आणि तो जिल्हा न्यायालयाच्या इमारतीत कैदेत होता. हजारोंच्या जमावाने इमारतीला आग लावली. मध्ये पडलेले महापौर एडवर्ड स्मिथ यांच्याच गळ्यात दोर घातला गेला, ते कसेबसे वाचले. ब्राउनला बाहेर ओढून फाशी दिलं, गोळ्या घातल्या, मग जाळलं. समोरच्या बाजूला फोंडाच्या वडिलांचा छापखाना होता. चौदा वर्षांच्या हेन्रीने वडिलांच्या शेजारी उभं राहून वरच्या खिडकीतून हे पाहिलं. आयुष्यभर ते दृश्य त्याच्या डोळ्यांसमोरून गेलं नाही.

हे कळल्यावर मी चित्रपट पुन्हा लावला आणि फक्त फोंडाकडे पाहत राहिले. गिल कार्टर नायकासारखा वागत नाही. मारामारीखोर आहे, चिडका आहे, प्रेयसी गाव सोडून गेली म्हणून कडवटलेला आहे. टोळीत तो सामील होतो, तेही न्यायासाठी नाही. तो आणि आर्ट बाहेरचे, गुरं चोरीला गेलेल्या गावात आलेले दोन परके. मागे राहिले तर बोट त्यांच्याकडेच वळेल. म्हणजे संशयापासून वाचायला तो संशय घेणाऱ्यांत जाऊन उभा राहतो. दरीत पोचल्यावर तो बराच वेळ नुसता पाहत असतो. हे पाहणं फोंडाने इतकं आतून केलं आहे की ओमाहाच्या खिडकीचा विचार टाळता येत नाही. तरी पुस्तिकेत मी दोन्ही गोष्टी शेजारी ठेवीन आणि थांबेन. नटाच्या मनात काय होतं ते मी लिहू नये.

अजून एक धागा. पटकथाकार आणि निर्माता लमार ट्रॉटी याने १९३९ मध्ये जॉन फोर्डसाठी ‘यंग मिस्टर लिंकन’ लिहिला होता. त्यात तरुण वकील लिंकन तुरुंगाच्या दारात उभा राहून खवळलेल्या जमावाला परत पाठवतो. लिंकन झाला होता फोंडाच. चार वर्षांत तोच लेखक, तोच नट; आणि या वेळी दारात कुणी उभं राहत नाही.

८ फेब्रुवारी

मतदानाचा प्रसंग चौकट थांबवत थांबवत पाहिला. माझ्या मते हा चित्रपटाचा कणा आहे.

डेव्हिस (हॅरी डेव्हनपोर्ट) हा म्हातारा दुकानदार सुरुवातीपासून एकच म्हणत असतो, यांना शेरीफच्या ताब्यात द्या. शेवटी टेटली म्हणतो, ठीक आहे, बहुमताने ठरवू. ज्यांना थांबायचं आहे त्यांनी बाजूला यावं. सात जण येतात. डेव्हिस, गिल, आर्ट, टेटलीचा मुलगा जेराल्ड, स्पार्क्स हा कृष्णवर्णीय धर्मोपदेशक आणि आणखी दोघे. बाकीचे जागचे हलत नाहीत. त्या न हलण्यालाच मत धरलं जातं.

मी या जमावाची कृत्यं क्रमाने लिहिली तेव्हा अंगावर काटा आला: शपथविधी, शोध, चौकशी, पुराव्याची छाननी, मतदान, शेवटची इच्छा, शिक्षेची वेळ. यातलं प्रत्येक पाऊल न्यायालयातलं आहे. आरडाओरडा करून कुणी कुणाला ओढून नेत नाही. टेटली आवाजही चढवत नाही. फ्रँक कॉनरॉयने हा माणूस इतक्या शिस्तीत उभा केला आहे की त्याच्या भोवतालचे लोक त्या शिस्तीलाच न्याय समजतात. मुलाला मर्द बनवण्यासाठी तो त्याला घोड्यावर चाबूक मारायला लावतो, म्हणजे गळ्यात दोर असलेल्या माणसाखालून घोडा पळेल. जेराल्डचा हात उठत नाही.

मा ग्रिअरबद्दलही लिहायला हवं. टोळीतली ही एकुलती एक बाई, थट्टा करत, हसत फाशीला निघालेली. ती झाली आहे जेन डारवेल. १९४० च्या ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’मध्ये हीच फोंडाची आई होती, आणि त्या भूमिकेसाठी तिला ऑस्कर मिळालं होतं. तेव्हाच्या प्रेक्षकांना तो चेहरा म्हणजे माया वाटत असणार. तोच चेहरा इथे दोराशेजारी हसतो. वेलमनची ही निवड मला फार धाडसी वाटते.

गटातल्या काही तरुणांची सूचना आली की खेळाच्या वेळी मतदानाआधी चित्रपट थांबवावा आणि सभागृहात हात वर करून मत घ्यावं. सूचनेवर बराच वेळ बोललो. मी विरोधात होते. उजेड लावलेल्या सभागृहात, शेजारी ओळखीची माणसं बसलेली असताना, सगळे योग्य तोच हात वर करतील आणि सगळ्यांना स्वतःबद्दल बरं वाटेल. चित्रपट नेमकं हे समाधान देत नाही. तो प्रेक्षकाला न हलणाऱ्यांच्या रांगेत उभं करून पुढे निघून जातो. न थांबवता दाखवायचं ठरलं.

१२ फेब्रुवारी

छायाचित्रणावरचं टिपण. आर्थर सी. मिलर. ऑक्स-बो दरीचा बहुतेक भाग स्टुडिओत उभारलेला आहे, आणि ते दिसतं. वेस्टर्नमध्ये आपल्याला सवय असते ती लांबच लांब क्षितिजाची, मोकळ्या आभाळाची. इथे आभाळच नाही. एक वाळकं झाड, शेकोटी, आणि चारी बाजूंनी माणसं. ही कोंडी पैशांच्या काटकसरीतून आलेली असो वा विचार करून, ती कथेला घट्ट बसते: या माळावर पळायला जागा नाही.

फाशी पडद्यावर थेट नाही. जमिनीवर सावल्या आहेत.

१५ फेब्रुवारी

पत्र. मरण्याआधी मार्टिन बायकोला पत्र लिहितो आणि डेव्हिसकडे देतो. डेव्हिसला ते सर्वांना वाचून दाखवावंसं वाटतं, म्हणजे हा माणूस खोटं बोलत नाही हे त्यांना कळेल. मार्टिन संतापतो. ते पत्र त्याच्या बायकोचं आहे, जमावाची करमणूक करण्यासाठी नाही. मला हा संताप फार महत्त्वाचा वाटतो. जीव वाचवण्याची शेवटची संधी असूनही आपलं खासगी दुःख पुरावा म्हणून मांडायला तो तयार नाही.

कादंबरीत त्या पत्रात काय लिहिलं आहे ते वाचकाला कधीच कळत नाही. चित्रपटात शेवटी गुत्त्यात गिल ते आर्टला वाचून दाखवतो. मजकूर कायदा आणि सदसद्विवेक यांच्याबद्दलचा आहे, थोडा भाषणासारखा. फाशीच्या पहाटे नवरा बायकोला असं लिहील का, हा प्रश्न मला पडतो, आणि कादंबरीने पाकीट बंद ठेवलं तेच योग्य होतं असं माझं मत आहे. पण वेलमनने ते वाचन ज्या प्रकारे टिपलं आहे त्याला तोड नाही. बाजूला उभ्या आर्टच्या टोपीची कड बरोबर गिलच्या डोळ्यांवर येते. वाचणाऱ्याचं तोंड दिसतं, डोळे दिसत नाहीत. भाषणासारखा मजकूर त्यामुळे एका चेहऱ्याचा न राहता त्या खोलीतल्या सगळ्यांचा होतो. हे वाचन चालू असताना बाकीचे माना खाली घालून बारला टेकून उभे आहेत. मार्टिनच्या विधवेसाठी वर्गणीही गोळा झाली आहे.

२२ फेब्रुवारी

स्पार्क्सवर लिहायला सर्वांत जास्त वेळ लागला. ली व्हिपर या कृष्णवर्णीय नटाने हे काम केलं आहे. टोळी निघताना त्याला थट्टेने बरोबर घेतलं जातं, मरणाऱ्यांसाठी प्रार्थना म्हणायला कुणी हवं म्हणून. वाटेत तो गिलला सांगतो की लहानपणी त्याने स्वतःच्या भावाला असं मारलेलं पाहिलं आहे आणि अजून स्वप्नात ते येतं. बस्, तेवढंच वाक्य. मृतांपाशी भक्तिगीत गाणाराही तोच.

अलाबामातल्या टस्कीगी संस्थेच्या नोंदींनुसार १८८२ ते १९६८ या काळात अमेरिकेत ४,७४३ झुंडबळी गेले, त्यांतले ३,४४६ कृष्णवर्णीय होते. हा चित्रपट त्याच देशातला, पण फासावर जाणारे दोघे गोरे आणि एक मेक्सिकन. १९४३ च्या हॉलिवूडने खरा बळी मध्यभागी ठेवला नाही, कडेला ठेवला आणि त्याच्या तोंडी एक वाक्य दिलं. मेक्सिकनांनाही पश्चिमेत मोठ्या संख्येने असं मारलं गेलं, हे खरं, आणि क्विनचं पात्र त्या अर्थाने इतिहासाला धरून आहे. तरी ही उणीव पुस्तिकेत स्पष्ट लिहायचीच. झुंडबळीला संघराज्याच्या पातळीवर स्वतंत्र गुन्हा ठरवणारा कायदा अमेरिकेत २०२२ मध्ये झाला, हेही.

गटातल्या एका ताईंनी विचारलं, राईनपाड्याचा उल्लेख करायचा की नाही? १ जुलै २०१८. धुळे जिल्हा, साक्री तालुका. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण, भिक्षा मागत फिरणारे. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या मोबाइलवर फिरणाऱ्या अफवेवरून जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकलं. परकी माणसं, ऐकीव बातमी, आणि घडलेलाच नसलेला गुन्हा. मला वाटतं उल्लेख न करणं अप्रामाणिक ठरेल. पण चित्रपटाच्या विश्लेषणात तो मिसळायचा नाही. मारले गेलेले ते पाच जण कुणाच्या रसग्रहणाचं उदाहरण नव्हते. शेवटच्या पानावर फक्त घटना द्यायची: तारीख, ठिकाण, काय झालं.

१ मार्च

पुस्तिका छपाईला दिली. वकीलकाकांचा पुराव्याचा तक्ता मधल्या जोडपानावर छान बसला आहे: डावीकडे ‘विरुद्ध’, उजवीकडे ‘एका दिवसात काय तपासता आलं असतं’.

८ मार्च

खेळ झाला. सभागृह भरलं होतं आणि चर्चा ठरल्यापेक्षा बरीच लांबली.

शाळेत शिकवणारी एक तरुण मुलगी आधी बोलली. पिस्तूल सापडलं त्या क्षणी तिला स्वतःला वाटलं होतं की मेक्सिकन दोषी आहे, आणि तिने पुस्तिका आधी वाचलेली होती! हे ऐकून मला फार बरं वाटलं, कारण चित्रपटाची ताकद तिने एका वाक्यात सांगितली. चित्रपटाच्या शेवटी टेटली आत्महत्या करतो, त्याने एका गृहस्थांना समाधान दिलं. त्यावर वकीलकाका उठले. त्यांच्या मते टेटलीचं मरण हा चित्रपटातला सर्वांत सोपा भाग आहे, कारण दोष एका माणसासोबत पुरला जातो. कादंबरीत आधी जेराल्ड जीव देतो, मग बाप. तिथे हिशोब इतका सरळ नाही.

खरा वाद झाला तो त्या सातांवरून. शेरीफ डेव्हिसला विचारतो की हे कुणी केलं, आणि डेव्हिस सांगतो, सात जण सोडून सगळ्यांनी. एका कॉलेजच्या विद्यार्थ्याने विचारलं, सात जण सुटतात ते कशामुळे? बाजूला जाऊन उभे राहिले, एवढ्यामुळे? डेव्हिस तरी विनवत राहिला, गिल मध्ये पडायला गेला आणि त्याला रोखलं गेलं. बाकीच्यांनी काय केलं? वकीलकाका म्हणाले, कायद्याने ते सुटतील. विद्यार्थी म्हणाला, मी कायद्याचं विचारत नाही. दोघेही मागे हटेनात, आणि मी मध्ये पडले नाही.

पुढच्या बैठकीत ‘यंग मिस्टर लिंकन’मधला तुरुंगाच्या दारातला प्रसंग आणि ‘ऑक्स-बो’तलं मतदान लागोपाठ पाहायचं ठरलं. तुलनेचं टिपण मी महिनाअखेरपर्यंत लिहिते. सातांविषयीचा प्रश्न त्या विद्यार्थ्यानेच लिहून द्यावा असं त्याला सांगितलं आहे, आणि उत्तर वकीलकाका लिहिणार आहेत.